महाविद्यालयातून कचेरीकडे : वऱ्हाडातील दिव्यांग विद्यार्थ्यांच्या रोजगाराचा प्रश्न

सन २०२४ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या लिपिक-टंकलेखक परीक्षेत कु. माला शंकरबाबा पापळकर ही अंध तरुणी उत्तीर्ण झाली. तान्ह्या वयात जळगावच्या रेल्वे स्थानकावर टाकून दिलेली ही बालिका अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथील बालगृहात वाढली, ब्रेल लिपीतून शिकली व अमरावतीस पदवीधर झाली. पुढील वर्षी ती नागपूरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात शासनसेवेत रुजू झाली. ज्या शंकरबाबा पापळकरांनी तिला आपले नाव दिले, त्यांना २०२४ सालीच पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले होते.

या यशाचे सर्वत्र कौतुक झाले, आणि ते होणे योग्यच होते. परंतु प्रशासनात, शिक्षणक्षेत्रात व पंचायत राज संस्थांत काम करणाऱ्यांनी कौतुकापाशी थांबून चालणार नाही. अशी एक मुलगी कचेरीच्या खुर्चीपर्यंत पोहोचली, तेव्हा तिच्याबरोबर महाविद्यालयात शिकणारी इतर दिव्यांग मुले-मुली कोठे गेली, असा प्रश्न त्यांनी स्वतःस विचारावयास हवा. पदवी हाती असून घरी बसलेला दिव्यांग तरुण हे आपल्या तालुक्यांतील दुर्मीळ दृश्य नाही. पदवी व नोकरी यांमध्ये जी एक पायरी निखळलेली आहे, तिचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. ती पायरी म्हणजे प्रत्यक्ष कामाचा पहिला अनुभव होय.

वऱ्हाडचा वारसा

हा प्रश्न वऱ्हाडला परका नाही. अमरावती जिल्ह्यातील लोणी टाकळी येथे १८८१ साली जन्मलेले व माधान येथे राहिलेले संत गुलाबराव महाराज यांची दृष्टी बालपणीच गेली. तरीही अवघ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक ग्रंथ रचले. इतरांनी वाचून दाखवावे, महाराजांनी ऐकावे, मग त्यांनी सांगावे आणि दुसऱ्याने लिहून घ्यावे, अशी ही ग्रंथनिर्मिती होती. आज परीक्षेच्या नियमांत ‘वाचक’ व ‘लेखनिक’ या शब्दांनी जी सोय ओळखली जाते, ती या भूमीने शतकापूर्वीच पाहिलेली आहे. महाराजांना प्रज्ञाचक्षू म्हणून आपण वंदन करतो. पण त्यांच्यासाठी पुस्तक वाचणारा माणूसही त्या ज्ञानकार्याचा भागीदार होता, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही.

अमरावतीच्या सीमेवर १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले. रुग्णावर औषधोपचार करून त्याला परत पाठविणे एवढाच त्यांचा हेतू नव्हता. समाजाने ज्याच्या हातचे पाणी नाकारले, त्याच्या हातांना काम मिळावे व त्या हातांनी केलेल्या वस्तू समाजाने मोल देऊन घ्याव्यात, हा विचार त्यामागे होता. कुष्ठमुक्त व्यक्तींचा समावेश आजच्या कायद्याने दिव्यांगांत केला आहे, हे येथे नमूद करणे अगत्याचे आहे.

ज्यांचे नाव अमरावती विद्यापीठाने धारण केले आहे, त्या संत गाडगेबाबांच्या दशसूत्रीत अंध-पंगूंना औषधोपचार आणि बेकारांना रोजगार ही दोन सूत्रे स्वतंत्रपणे येतात. बाबांच्या काळी दिव्यांग माणसाची पहिली गरज उपचाराची व आसऱ्याची होती. आज तो महाविद्यालयाच्या वर्गात बसलेला आहे. म्हणून ही दोन सूत्रे एकत्र वाचण्याची वेळ आता आली आहे.

कायद्याची वाटचाल

दिव्यांगांसाठी देशातील पहिले विशेष रोजगार विनिमय केंद्र १९५९ साली मुंबईत सुरू झाले. व्यावसायिक पुनर्वसन केंद्र १९६८ साली त्याच शहरात निघाले. १९७७ पासून केंद्र शासनाच्या खालच्या दोन श्रेणींतील पदांत तीन टक्के जागा राखून ठेवण्यात येऊ लागल्या. १९८१ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष म्हणून पाळले. १९९५ च्या अधिनियमाने आरक्षणाला कायद्याचे बळ दिले. २००७ साली भारताने दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारास अनुसमर्थन दिले आणि त्याला अनुसरून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ संमत झाला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे.

या अधिनियमातील आपल्या विषयाशी संबंधित तरतुदी थोडक्यात अशा :

(१) पूर्वीच्या सात प्रकारांऐवजी २१ प्रकारच्या दिव्यांगतेला मान्यता आहे. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगतेचे प्रमाणपत्र लागते.

(२) शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव असून प्रवेशासाठी कमाल वयोमर्यादेत पाच वर्षांची सवलत आहे.

(३) शासकीय आस्थापनांतील पदांत किमान चार टक्के आरक्षण आहे. अंध व अल्पदृष्टी यांना एक टक्का, कर्णबधिर व श्रवणदोष असलेल्यांना एक टक्का, अस्थिव्यंग, मेंदूचा पक्षाघात, कुष्ठमुक्त, बुटकेपणा, आम्लहल्ल्याचे बळी व स्नायुविकृती या गटाला एक टक्का, आणि स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांना मिळून एक टक्का, अशी त्याची विभागणी आहे.

(४) योग्य उमेदवार न मिळाल्यास ती जागा पुढील भरतीवर्षात ओढावी लागते. तेव्हाही न मिळाल्यास दिव्यांगांच्याच दुसऱ्या गटातून ती भरता येते. एकही दिव्यांग उमेदवार उपलब्ध नसेल, तरच ती इतरांना देता येते.

(५) दिव्यांग व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावे म्हणून आस्थापनेवर अवाजवी भार न टाकता करावयाचा आवश्यक बदल म्हणजे ‘वाजवी सोय’. अशी सोय नाकारणे हा कायद्याच्या दृष्टीने भेदभावच ठरतो.

दिव्यांगांस योग्य अशा पदांची सूचीही वेळोवेळी प्रसिद्ध होते. केंद्र शासनाने जानेवारी २०२१ मध्ये अधिसूचित केलेल्या सूचीत ३,५६६ पदे असून त्यांत वरिष्ठ श्रेणीतील पदेही मोठ्या संख्येने आहेत. अंध व्यक्तींना केवळ दृष्टीच्या कारणावरून न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये दिला. वेताच्या खुर्च्या विणणे, खडू तयार करणे किंवा दूरध्वनीच्या फलकापाशी बसणे हीच दिव्यांगांची कामे, ही समजूत यामुळे कालबाह्य ठरली आहे.

खासगी क्षेत्रावर मात्र आपल्या कायद्याने सक्ती केलेली नाही. मनुष्यबळात किमान पाच टक्के दिव्यांग असावेत म्हणून प्रोत्साहन देण्यास शासनास सांगितले आहे. जर्मनीत वीस किंवा अधिक कामाच्या जागा असलेल्या मालकाला पाच टक्के जागा तीव्र दिव्यांगता असलेल्यांना द्याव्या लागतात, अन्यथा भरपाईची रक्कम भरावी लागते. आपल्याकडे अशी आकारणी नसल्यामुळे मालकाच्या मनातील शंका दूर करणे, हाच खासगी रोजगाराचा मुख्य मार्ग राहतो. ही शंका भाषणाने दूर होत नाही. एक दिव्यांग तरुण दोन महिने काम करताना पाहिला म्हणजे ती बरीचशी आपोआप ओसरते.

अडते कोठे ?

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती होत्या. महाराष्ट्रात ही संख्या २९ लाख ६३ हजारांहून अधिक होती. देशातील दिव्यांगांपैकी कामकरी व्यक्तींचे प्रमाण सुमारे ३६ टक्के होते. पुरुषांत ते ४७ टक्के, तर स्त्रियांत अवघे २३ टक्के होते. शिक्षणाचा प्रसार त्यानंतर वाढला. परंतु शिक्षण संपताना आधारही संपतो, ही उणीव कायम आहे.

वयाचे अठरावे वर्ष या दृष्टीने विचारात घेण्यासारखे आहे. कायद्याने दिलेला मोफत शिक्षणाचा हक्क सहा ते अठरा वर्षांपर्यंतचा आहे. बालगृहातील निवासाची सर्वसाधारण मर्यादाही अठराच वर्षांची. अठरा वर्षांनंतर बेवारस दिव्यांग मुलांनी जावे कोठे, हा प्रश्न शंकरबाबा अनेक वर्षे मांडीत आले आहेत. म्हणजे विशेष शाळेतील शिक्षक, वसतिगृह, ब्रेल पुस्तके यांचा आधार सुटतो आणि त्याच सुमारास विद्यार्थी महाविद्यालयाच्या मोठ्या वर्गात येऊन बसतो. पदवीची तीन-चार वर्षे तो मित्रांच्या मदतीने, ध्वनिमुद्रित पाठांवर काढतो. इतर विद्यार्थी सुटीत काकांच्या दुकानात, एखाद्या वकिलाकडे किंवा सेवा केंद्रात बसून कामाची रीत शिकतात. दिव्यांग मुलाला घरचे लोक मायेपोटी कोठे पाठवीत नाहीत. परिणामी पदवी मिळते, पण कचेरी कशी चालते हे त्याने पाहिलेलेच नसते. मुलाखतीस तो जातो, तेव्हा ‘अनुभव’ या रकान्यात लिहावयास काही नसते.

ही माया कचेरीतही आडवी येते. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखक कामानिमित्त एका तालुक्याच्या ठिकाणी गेला असता, एका कार्यालयात खिडकीपाशी एक अल्पदृष्टी असलेली पदवीधर तरुणी शांतपणे बसलेली दिसली. ती प्रशिक्षणार्थी होती. चौकशी करता कार्यालयप्रमुख सद्भावनेने म्हणाले, “बिचारीला कशाला त्रास द्यायचा ? हजेरी लागते तिची.” थोड्या वेळाने ती स्वतःच म्हणाली, “साहेब, तीन आठवडे झाले. अजून मला कोणी काम सांगितलंच नाही.” तिच्या स्वरात तक्रार नव्हती, पण ते वाक्य विसरता येत नाही. पुढे तेथीलच एका अव्वल कारकुनाने तिला संगणकावर मराठी पत्रांच्या पोचा तयार करण्याचे काम दिले. अक्षरे मोठी करून ती ते काम व्यवस्थित करू लागली. हाताशी काम आले तेव्हा मेजवरील रोजच्या टपालाची आवक-जावकही तिला समजू लागली. जो अनुभव द्यावयाचा होता, तो पहिले तीन आठवडे दयेने अडवून धरला होता.

कार्यप्रशिक्षणाच्या वाटा

आजची परिस्थिती या बाबतीत अनुकूल आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार पदवी अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले आहेत. म्हणजे कार्यप्रशिक्षण हा आता अभ्यासाचाच भाग आहे. असे असता एखाद्या अंध वा अस्थिव्यंग विद्यार्थ्याला ‘तू घरीच प्रकल्प लिहून दे’ असे सांगून मोकळे करणे म्हणजे त्याच्या वाट्याचे शिक्षण कमी करणे होय.

शिकाऊ उमेदवारीची दुसरी वाट आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाचा विस्तार होत होत त्यात अभियांत्रिकीबरोबर कला, वाणिज्य व विज्ञान शाखांचे पदवीधरही आले आहेत, आणि उमेदवारीच्या काळात विद्यावेतन मिळते. राज्य शासनाने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. शिक्षण पूर्ण केलेल्या १८ ते ३५ वयोगटातील उमेदवारांना कार्यालये व उद्योगांत प्रशिक्षण देण्याची ही योजना होय. पदवीधरांसाठी दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले आणि प्रथम सहा महिने असलेली मुदत पुढे अकरा महिने करण्यात आली. अशा कोणत्याही योजनेची नोंदणी व चालू स्थिती यांची माहिती जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात मिळते. स्पर्धा परीक्षांची तयारी करू इच्छिणाऱ्या दिव्यांगांसाठी शेजारच्या जळगावात दीपस्तंभ फाउंडेशनचा ‘मनोबल’ हा निवासी उपक्रम आहे, तर पुनर्वसनविषयक सेवांसाठी नागपूर येथे समेकित प्रादेशिक केंद्र आहे.

परंतु कामाची जागा शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. अकोल्यातील डाळ गिरण्या, सरकी-रुईचे कारखाने व त्यांचे हिशेबखाते, दोन्ही जिल्ह्यांतील कृषी उत्पन्न बाजार समित्या, सहकारी बँका व पतसंस्था, डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची ग्रंथालये व प्रयोगशाळा; नांदगावपेठच्या औद्योगिक वसाहतीतील वस्त्रोद्योग; वरूड-मोर्शी भागातील संत्र्याचा व्यापार; तहसील, पंचायत समिती, शाळा व सार्वजनिक वाचनालये, ही सर्व कार्यप्रशिक्षणाची ठिकाणे होऊ शकतात. धारणी-चिखलदऱ्याच्या विद्यार्थ्याला अमरावतीपर्यंतचा प्रवास व राहण्याचा खर्च झेपत नाही. त्याच्यासाठी तालुक्याच्या गावीच जागा शोधली पाहिजे. एस. टी. भाड्यातील सवलत उपयोगी आहे. परंतु बसच्या पायऱ्या व स्थानकापासून कचेरीपर्यंतची वाट यांचाही विचार व्हावयास हवा.

वाजवी सोय म्हणजे नेमके काय ?

‘सोय’ म्हटले की कार्यालयप्रमुखांसमोर मोठा खर्च उभा राहतो. प्रत्यक्षात बहुतेक सोयी अल्पखर्चाच्या असतात.

अंध प्रशिक्षणार्थ्यासाठी संगणकावरील मजकूर वाचून दाखविणारी आज्ञावली लागते, आणि अशी आज्ञावली विनामूल्यही मिळते. अडचण असते ती आपल्या कागदांची. युनिकोडमध्ये टंकलिखित मराठी मजकूर ही आज्ञावली वाचू शकते. जुन्या टंकातील मजकूर तिला निरर्थक चिन्हांसारखा भासतो. आणि कागदाचे छायाचित्र काढून पाठविलेले परिपत्रक तिच्या दृष्टीने कोरेच असते. म्हणून परिपत्रकाची मूळ युनिकोड प्रत सोबत पाठविणे ही एका अंध कर्मचाऱ्यासाठी मोठीच सोय होय, आणि तिला एक पैसाही लागत नाही.

कर्णबधिर विद्यार्थ्याला तोंडी सूचनांऐवजी लेखी सूचना द्याव्यात. त्यांतील वाक्ये लहान असावीत. कारण ज्याची पहिली भाषा खुणांची आहे, त्याला लेखी मराठी ही दुसरी भाषा असते. बोलताना त्याच्याकडे तोंड करून बोलावे. बैठकीत शेजारच्या सहकाऱ्याने मुद्दे लिहून दाखविले, तरी पुष्कळ काम भागते.

अस्थिव्यंग असलेल्याचे मेज तळमजल्यावर आणणे, दाराशी उतार करणे व वापरण्याजोगे स्वच्छतागृह ठेवणे, या तीन गोष्टी प्रथम कराव्यात. यांपैकी पहिली त्याच दिवशी होऊ शकते. स्वच्छतागृहाच्या अभावी दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या मुली आहेत, याची जाणीव कार्यालयप्रमुखांनी ठेवावी.

अध्ययन अक्षमता वा स्वमग्नता असलेल्या तरुणाला कामाचे टप्पे पाडून, क्रम ठरवून द्यावा व तो क्रम वारंवार बदलू नये. मानसिक आजारातून सावरणाऱ्याला औषधाच्या वेळा व तपासणीचा दिवस सांभाळता आला, तर तो इतरांइतकेच काम करतो.

या सर्वांहून महत्त्वाचे असे की, कोणती सोय हवी हे प्रथम त्या विद्यार्थ्यालाच विचारावे. वीस वर्षे स्वतःच्या शरीराशी जुळवून घेतलेल्या माणसाला ते आपल्यापेक्षा अधिक समजते.

कोणी काय करावे ?

महाविद्यालयीन शिक्षकांनी प्रवेशाच्या वेळीच दिव्यांग विद्यार्थ्यांची यादी करावी व वैश्विक ओळखपत्र नसल्यास ते मिळवून देण्यास साहाय्य करावे. हे काम अंतिम वर्षावर टाकू नये. प्रमाणपत्राअभावी अर्जाची तारीख टळते. दुसऱ्या वर्षापासून संगणक व टंकलेखनाचा सराव सुरू व्हावा. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची गती लागते आणि ती दोन महिन्यांत येत नाही. कार्यप्रशिक्षणाच्या ठिकाणी शिक्षकाने पहिल्या दिवशी स्वतः बरोबर जावे व पंधरवड्याने एकदा चौकशी करावी.

कार्यालयप्रमुखांनी प्रशिक्षणार्थी येण्यापूर्वी त्याच्यासाठी निश्चित काम ठरवावे, एक अनुभवी कर्मचारी मार्गदर्शक म्हणून नेमावा आणि शेवटी त्याने काय काय केले याचा स्पष्ट उल्लेख असलेले प्रमाणपत्र द्यावे. ‘वर्तणूक चांगली’ एवढ्या शेऱ्याने पुढचा मालक काही समजू शकत नाही. राखीव पदांची बिंदुनामावली अद्ययावत ठेवणे व ‘उमेदवार उपलब्ध नाही’ असा शेरा मारण्यापूर्वी विद्यापीठ, महाविद्यालये व रोजगार मार्गदर्शन केंद्र यांना लेखी कळविणे, हेही त्यांचेच कर्तव्य होय.

पंचायत सदस्यांचा वाटा लहान नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या पाच टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा असतो. हा निधी अनेकदा वर्षअखेरीस घाईने एखाद्या वस्तूच्या वाटपात संपतो. नियमांच्या मर्यादेत त्यातून गावच्या महाविद्यालयीन दिव्यांग विद्यार्थ्याला उपयुक्त साधन मिळाले, तर ते त्याच्या पोटापाण्याच्या उपयोगी पडेल. ग्रामपंचायतीचे कार्यालय हेही एक कामाचे ठिकाण आहे. नमुन्यांच्या नोंदी, कराच्या मागणीची पत्रे व ग्रामसभेची टिपणे यांतून सुटीच्या महिन्यात गावचा विद्यार्थी पुष्कळ शिकू शकेल. पंचायत सदस्यांच्या प्रशिक्षणात दिव्यांगांच्या हक्कांचा विषय असावा, असे २०१६ च्या अधिनियमानेच सांगितले आहे. सदस्यांनी त्याची मागणी करावी. घरोघरी जाऊन आईबापांना समजाविण्याचे काम तर त्यांच्याइतके कोणी करू शकणार नाही. “पोरगी एकटी कशी जाईल ?” या प्रश्नाला शासनाच्या पत्रकापेक्षा गावच्या सरपंचाचे उत्तर अधिक विश्वासाचे वाटते.

समारोप

कायद्याने जागा राखून ठेवली आहे. पण राखलेली जागा माणसाला आपल्याकडे ओढून आणीत नाही. तेथवरची वाट पदवीच्या वर्षांतच तयार करावी लागते. कु. माला पापळकर यांच्यासाठी ती वाट एका वृद्ध समाजसेवकाने, अंध विद्यार्थ्यांना शिकविणाऱ्या शिक्षकांनी व परीक्षेत उत्तरे लिहून घेणाऱ्या लेखनिकांनी मिळून तयार केली. वझ्झरच्या एका बालगृहाला जे साधले, ते दोन जिल्ह्यांतील एकवीस तालुक्यांच्या कचेऱ्यांना व महाविद्यालयांना अवघड नसावे.

येत्या सत्रात प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या दिव्यांग विद्यार्थ्यांपैकी निदान एकाला कामाच्या ठिकाणी पोहोचवावे आणि प्रत्येक तालुका कार्यालयाने अशा एकासाठी मेज व काम राखून ठेवावे, एवढाच संकल्प या घडीला पुरेसा आहे. तो विद्यार्थी पहिल्या दिवशी दारात येईल, तेव्हा त्याला खुर्ची तर द्यावीच; परंतु त्याच दिवशी त्याच्या हाती कामही द्यावे.